मिशीखालची जागा

आमचे सुभेदार फौजेतून घरी आले ते चौऱ्याहत्तर साली. अठ्ठावीस वर्षं नोकरी करून माणूस पेन्शनीत निघाला, पण त्याचा आवाज काही पेन्शनीत निघाला नाही. पहाटे पाचला ते अंगणात उभे राहून म्हशीला ‘उठ’ म्हणायचे आणि गल्लीतल्या चार घरच्या चुली पेटायच्या. शेजारच्या रंगुबाईंनी घरातलं गजराचं घड्याळ लेकीला देऊन टाकलं, आता त्याची गरज उरली नाही म्हणून.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून मी सुभेदारच म्हणते. माझं नाव बनुबाई. मी सातवी पास आहे, लग्नाआधी सहा महिने शाळेत पोरांना बाराखडी शिकवलेली आहे, तेव्हा हे जे लिहिते आहे ते माझं मी लिहिते आहे. कोरेगाव तालुक्यात रहिमतपूरच्या अलीकडं आमचं गाव. सुभेदार फौजेत होते तेव्हा वर्षातून दोन महिने घरी यायचे. दोन महिने कुणाचाही आवाज सोसतो. उरलेले दहा महिने ऊस, म्हशी, गडीमाणसं सगळं मी बघायची आणि घरात कसं निवांत असायचं. मग एकदम बाराही महिने माझ्या वाट्याला आले.

माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, कधी कुणावर हात उगारला नाही. फक्त ओरडायचे. आमटीत मीठ कमी पडलं, पाटाचं पाणी फुटलं, आमच्या लेकाला, कृष्णातला, कारखान्यावरून यायला उशीर झाला, सगळ्याला एकच औषध. बातम्यांच्या वेळी रेडिओ खरखरला तर रेडिओवरही ओरडायचे. मला आता सवय झाली आहे, असं मी बायकांत सांगायची. पण खरं ते सांगते. हातून तांब्या जरी निसटला तरी मी तांब्याकडं बघायच्या आधी सुभेदारांकडं बघायची.

आमची सून शालन ही विट्याच्या पुढच्या माळावरची. बोलायला कमी, पण एकदा मनाशी ठरवलं की तिला हलवणं कठीण. लग्नानंतर दीड-दोन वर्षांनी, शहात्तरच्या संक्रांतीला तिला माहेरी मुलगा झाला. आजोबांनी पत्रानंच नाव कळवलं, मानसिंग. चौथ्या महिन्यात ती बाळाला घेऊन घरी आली आणि आषाढात ती गोष्ट झाली.

म्हैस दावं तोडून उसात शिरली होती. शालन उंबऱ्याशी बसून बाळाला पेज भरवत होती. सुभेदारांनी अंगणातून गड्याला जी हाक दिली, ती सरहद्दीवर द्यायची हाक होती. पोरगं दचकलं. रडायला तोंड उघडलं, पण रडं बाहेरच येईना. श्वास आत कोंडला. तोंड लाल झालं, मग निळं पडलं आणि मान एका बाजूला कलंडली. दहा-बारा आकडे मोजून होतील एवढाच वेळ गेला असेल, पण त्या वेळात मी आणि शालन दोघी मेलो. मग बाळानं एकदम श्वास ओढला आणि टाहो फोडला.

कोरेगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काही मुलांचं असं होतं, श्वास आपोआप परत येतो, चार-पाच वर्षांत ही खोड मोडते, तोवर मुलाला दचकवू नका. सुभेदारांनी हे दारात उभं राहून नीट ऐकलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवरची मोटार बंद पडली, ते मोटारीवर ओरडले आणि बाळ पुन्हा निळं पडलं.

पंचमीला शालनचा भाऊ आप्पासो तिला न्यायला आला. ती गेली ती गौरी-गणपतीला आली नाही, दसऱ्यालाही आली नाही. शेवटी कृष्णातला धाडलं. तो एकटाच परत आला आणि गोठ्यामागं उभा राहून किती तरी वेळ, बापाला काय आणि कसं सांगायचं, ते म्हणून बघत होता. मग एका दमात सांगून मोकळा झाला. शालनचा निरोप असा होता: “मामंजींवर माझा राग न्हाई. पर त्या आवाजात मी पोरगं आणायची न्हाई.”

मी कानात बोटं घालायच्या तयारीत होते. सुभेदार ओरडले नाहीत. खाटेवर जाऊन बसले, आणि दिवेलागणीला माझ्याकडं न बघता म्हणाले, “मी काय ठरवून वरडतो व्हय गं? ते आपसूक निघतंय.”

इतक्या वर्षांत मला त्यांचा राग आला होता, भीती वाटली होती, अधूनमधून कौतुकही वाटलं होतं. कीव मात्र त्या दिवशी पहिल्यांदा आली.

त्याच आठवड्यात हवालदार ज्योतिबा आमच्याकडं लेकीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आले. ते मिरजेचे. पासष्टच्या लढाईत दोघं एका छावणीत होते, आता ज्योतिबा रेल्वेत नोकरीला होते. त्यांच्या घरानं छप्पन्न सालापासून बुद्धाचा मार्ग धरलेला. चहा पिता पिता आमच्याकडचा प्रकार त्यांना कळला, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं की पूर्वी रागाच्या भरात ते जेवणाचं ताट भिरकावायचे, घरात एकही ताट बिनपोच्याचं राहिलं नव्हतं. मग ते ध्यानाच्या एका शिबिराला जाऊन बसले. दिवाळीनंतर सांगलीत तसंच शिबिर होतं. दहा दिवस कुणाशी बोलायचं नाही, आपला आपण श्वास बघायचा.

“बघून काय करायचं?” सुभेदारांनी विचारलं.

“काय न्हाई. निस्तं बघायचं.”

“दहा दिस?”

“दहा दिस.”

ज्या माणसानं बर्फात रात्रभर पहारा दिला, त्याला हे काम अगदीच हलकं वाटलं असणार. बिछाना बांधून ते निघाले. गावात कुजबुज झालीच. देवळाच्या पायरीवर कुणीतरी विचारलं की सुभेदार आता धर्म बदलणार काय. सुभेदार म्हणाले, नाक माझंच हाय, श्वास बी माझाच हाय, मग तुमचं काय जातंय.

शिबिरात काय झालं ते मला थोडं त्यांच्याकडून आणि बरंचसं ज्योतिबांकडून कळलं. नदीच्या अंगाला एक धर्मशाळा होती. पहाटे चारला घंटा व्हायची. आमचे सुभेदार तीनपासून आंघोळ उरकून घंटेची वाट बघत बसायचे. दिवसभर मांडी घालून बसायचं, सकाळी न्याहारी, दुपारी जेवण आणि संध्याकाळी नुसता चहा-चुरमुरा. शिकवणाऱ्या गुरुजींनी पहिल्या दिवशी सांगितलं की नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर जी एवढीशी जागा आहे, तिथं लक्ष ठेवा. श्वास आत जाताना आणि बाहेर येताना तिथं काय वाटतं ते बघा. श्वास लांब असला तर लांब, आखूड असला तर आखूड. तो बदलायचा नाही, फक्त जाणायचा.

आता आमच्या सुभेदारांच्या नेमक्या त्या जागेवर अठ्ठेचाळीस सालापासून मिशी होती. साधीसुधी नव्हे, टोकं वर वळवलेली, तूप लावून राखलेली. बाकीच्यांना पहिल्या दिवशी श्वास ओठावर लागायला लागला. ह्यांचा श्वास मिशीलाच लागत होता. तीन दिवस वाट बघून त्यांनी गुरुजींना चिठ्ठी लिहिली की मिशीची अडचण होत आहे, तरी हुकूम व्हावा. गुरुजी हसले आणि म्हणाले, तशी काही गरज नाही, आहे तसं बसा. पण अडचण समोर दिसत असताना तशीच सोडून द्यायची, हे सुभेदारांच्या रक्तात नाही. आचाऱ्याकडं खुणेनं कात्री मागितली आणि आरशाशिवाय मिशी उतरवली. डावीकडं अर्धी राहिली, उजवीकडं पाव. मग मात्र त्यांना श्वास ओठावर लागला. आत जाताना गार, बाहेर येताना कोमट. हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता की जसं काही त्यांनी खिंडच जिंकली.

खरी लढाई पुढंच होती. ह्यांच्या शेजारी एक गृहस्थ बसायचे, त्यांना सारखे ढेकर यायचे. पाचव्या दिवशी सुभेदारांचा संताप अनावर झाला. पण बोलायला बंदी. ओरडता येईना, उठून जाता येईना. करणार काय, बघत बसले. आणि त्यांना जे दिसलं, ते त्यांनी घरी आल्यावर मला खाटेवर बसून सांगितलं.

“आदी नाक तापतंय. मग कानाच्या पाळ्या. मग छाती आवळती, मग गळ्यात काय तरी येऊन हुबं ऱ्हातंय. वरडणं बाहीर पडायच्या आदी चांगली चार-पाच ठेशनं लागत्यात गं. मला वाटायचं गाडी एकदम दारातच येती. मधल्या ठेशनावर उतरता येतंय, ते मला ठावंच न्हवतं.”

पण हे नंतरचं. शिबिरातून परत आले त्या दिवशी दारात त्यांची ती मिशी बघून मी आधी कोण गेलं असंच विचारलं. आमच्याकडं मिशी उतरवायची म्हणजे एक तर सुतक, नाही तर मोठी नाचक्की.

आणि सुभेदार एकदम संत होऊन आले असं कुणी समजू नये. सकाळी पाचला एक तास आणि संध्याकाळी पाचला एक तास, काही झालं तरी बसायचं, असा त्यांनी नेम धरला. इथवर ठीक होतं. पण पहिल्या आठवड्यात त्यांनी मला आणि कृष्णातलाही ओळीत बसवलं. पाठ ताठ, डोळं बंद, श्वास बघ, असं कवायतीच्या सुरात सुरू व्हायचं. वर आम्ही श्वास खरंच बघतोय का नाही, ते एक डोळा उघडून तपासायचे. श्वास बघणारा माणूस बाहेरून कसा दिसतो कोण जाणे. तिसऱ्या दिवशी मी बसल्या बसल्या झोपले आणि घोरले. इतकी गाढ झोप मला किती तरी दिवसांत लागली नव्हती, त्यामुळं ध्यानाचा पहिला फायदा आमच्या घरात मला झाला. त्याच दिवशी म्हैस हंबरली, तर ह्यांनी मिटल्या डोळ्यांनीच तिच्यावर ‘गप’ म्हणून अशी आरोळी ठोकली, की कृष्णात उठून उभाच राहिला. सुभेदारांनी डोळे उघडले, आमच्याकडं बघितलं आणि ओशाळून पुन्हा मिटले. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला सुट्टी मिळाली.

मात्र हळूहळू ती ठेशनं मलाही दिसायला लागली. मोटार पुन्हा बंद पडली, या वेळी जळालीच, तेव्हा मी विहिरीवरच होते. सुभेदारांचं नाक फुगलं, कान लाल झाले, उरलीसुरली मिशी थरथरली. आमचा गडी केरबा हातातला पाना टाकून पळायच्या बेतात होता. सुभेदार विहिरीच्या कठड्यावर बसले आणि जरा वेळानं म्हणाले, विट्याच्या गाडीनं जाऊन मोटार भरणाऱ्या वाइंडरला बोलवून आण. केरबा जागचा हलेना. मालकांना बरं नाही का, असं त्यानं मलाच विचारलं.

महिनाभरानं ते म्हणाले, चल, सुनेला आणायला जाऊ. मला एक अट घातली. शिबिराचं एक अक्षर तिथं बोलायचं नाही. “सुधारलोय म्हणून डांगोरा पिटून सून आणायची न्हाई. तिला दिसलं तर दिसंल.” मला हे आवडलं. मी तोंड मिटून घ्यायचं कबूल केलं, आणि पुढच्या सगळ्या गोंधळाला तेवढंच कारण झालं.

आमचे व्याही दादासो आणि विहीणबाई हरणाबाई ही माळावरची साधी माणसं. चार एकर जिरायत आणि दहा-बारा शेळ्या. आम्ही पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. पाणी झालं, गूळ झाला. शालननं पाया पडून घेतलं. बाळ आता रांगत होतं, पण तिनं ते आमच्यापासून लांबच, आपल्या पायाशी धरून ठेवलं होतं. सुभेदारांनी नुसतं बघितलं, हात पुढं केला नाही. मी विहीणबाईंबरोबर चुलीपाशी गेले आणि बाहेर सुभेदारांच्या घड्याळात पाच वाजले.

नेम म्हणजे नेम. सुभेदारांनी ओसरीवरच्या घोंगड्यावर मांडी घातली, डोळे मिटले आणि गप झाले.

आता इथं लग्नातली गोष्ट सांगायला हवी. वरबापानं लग्नात एकदा तरी रुसावं आणि मुलीकडच्यांनी मानपान करून त्याचा रुसवा काढावा, ही आपल्याकडची जुनी रीत. कृष्णातच्या लग्नात घोडा उशिरा आला, तेव्हा सुभेदार लिंबाखाली तोंड फिरवून बसले ते काही केल्या बोलेनात. दादासोंनी फेटा बांधला, मनगटी घड्याळ दिलं, तेव्हा कुठं स्वारी उठली. दादासोंनी आपल्या व्याह्याला आयुष्यात गप बसलेलं बघितलं होतं ते तेवढंच एकदा. त्यात आता मिशी उतरवलेली. आपल्या लेकीनं ह्यांचा असा काय अपमान केला की मर्द माणसानं मिशी खाली घेतली, ह्या विचारानं बिचाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांनी दोनदा ‘आवं सुभेदार’ म्हणून हाक मारली. उत्तर नाही. मग देव्हाऱ्यातून नारळ आणून पुढ्यात ठेवला. त्यावर टॉवेल-टोपी ठेवली. आप्पासोला धाडून भावकीतली दोन वडीलधारी माणसं बोलावली. त्यांनीही हात जोडले. सुभेदारांचा श्वास आत जात होता आणि बाहेर येत होता. मग ट्रंकेतला ठेवणीतला फेटा आला. तरी डोळे उघडेनात. भावकीतले एकजण म्हणाले की हा रुसवा फेट्यावर निघायचा नाही.

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ओसरीवर पंधराएक माणसं हात जोडून बसलेली, सुभेदार नैवेद्य दाखवलेल्या देवासारखे मधोमध, आणि दादासो आपली सगळ्यांत चांगली गाभण शेळी सुभेदारांच्या शेजारच्या खांबाला बांधत होते. मला काय झालंय ते एका क्षणात कळलं. तोंडही उघडणार होते. पण शब्द दिला होता, आणि खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटत होती. शेळीनं फेट्याचं टोक तोंडात घेतलं. पुढं काय होतंय ते बघावं म्हणून मी चहाचे कप घेऊन तशीच उभी राहिले. ती माझी चूक झाली.

बाळाला शेळी दिसली आणि ते आईच्या हातून निसटून तिच्याकडं रांगत गेलं. शेळीनं मान झटकली. पोरगं पायरीवर आपटलं. तोंड उघडलं आणि श्वास कोंडला.

ओसरीवर एकच कल्लोळ झाला. कुणी पाणी आणा म्हणालं, कुणी कांदा फोडा म्हणालं, हरणाबाईंनी देवीला हाका मारायला सुरुवात केली. शालन बाळाला घेऊन उभी होती आणि ते तिच्या हातात निळं पडत होतं. ती स्वतःच ओरडत होती. ते बघून मला आषाढातला तो उंबरा आठवला आणि हातातले कप खाली पडले.

सुभेदारांनी डोळे उघडले. मी त्यांच्याकडं बघितलं ते जुन्या सवयीनं. नाक फुगलं नव्हतं. ते उठले नाहीत, फक्त हात पुढं केले आणि हळू म्हणाले, “दे बाळा हिकडं.”

शालननं एकदा त्यांच्याकडं बघितलं. तेवढ्या घाईतही तिनं बघितलं. मग दिलं.

त्यांनी नातवाला छातीशी धरलं आणि रोज बसत तसेच बसले. श्वास आत, श्वास बाहेर. एवढंच. त्यांची छाती वर-खाली होत होती आणि तिच्यावर टेकलेलं बाळाचं डोकंही वर-खाली होत होतं. कसं कोण जाणे, बाकीची माणसंही गप झाली. मग बाळानं हुंदका देऊन श्वास ओढला आणि आजोबांच्या सदऱ्यात तोंड घालून रडायला लागलं. श्वास परत आपोआपच येतो हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेव्हा सुभेदारांनी काही चमत्कार केला असं माझं म्हणणं नाही. पण तेवढ्या माणसांत स्वतःचा श्वास ठिकाणावर असलेला माणूस तोच एक होता.

बाळाचं रडं ओसरल्यावर ते सगळ्यांच्या देखत म्हणाले, “शालन, तवा माझ्या आवाजानं ह्येचा श्वास थांबला हुता. माझं चुकलं.”

आमच्या अख्ख्या संसारात ‘माझं चुकलं’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग त्यांचं लक्ष पुढ्यातल्या नारळाकडं, टोपीकडं, अर्ध्या खाल्लेल्या फेट्याकडं आणि शेळीकडं गेलं. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. दादासो म्हणाले, रुसवा गेला न्हवं? आपण रुसलोच नव्हतो, हे सुभेदारांनी परोपरीनं सांगितलं, पण शिबिराचं नाव घ्यायचं नसल्यामुळं, मग डोळे मिटून काय करत होता, याला भलतंच कारण द्यावं लागलं. प्रवासाचा शीण आला होता, असं म्हणाले. ते कुणालाच पटलं नाही. व्याह्यांनी मोठ्या मनानं मान राखला, असं ठरलं आणि शेळी आमच्या गळ्यात पडली.

सकाळी आम्ही निघालो. येते असं शालन म्हणाली नाही आणि आम्हीही विचारलं नाही. फाट्यापर्यंत पोचवायला येते म्हणाली. बाळ तिच्या कडेवर होतं. मागून आप्पासो शेळी ओढत येत होता. त्याच्या दुसऱ्या हातात एक गाठोडं होतं. ते मी बघितलं, पण कुणाचं म्हणून विचारलं नाही.

पहिली एसटी भरून आली. सुभेदारांनी हात केला. ड्रायव्हरनं आमच्याकडं, मग शेळीकडं बघितलं आणि गाडी न थांबवता पुढं काढली. एखादा साधा माणूसही अशा वेळी ओरडतो. सुभेदारांचं नाक फुगलं, कान लाल झाले, छाती भरली. शालननं बाळाचं डोकं पदराखाली घेतलं आणि चार पावलं मागं सरकली. सुभेदारांनी ते बघितलं. तोंड उघडलेलं होतं, ते त्यांनी तसंच मिटलं. गाडी धुरळा उडवून गेली.

पुढच्या गाडीला अडीच तास होते. आम्ही चिंचेखाली बसलो. शालन जरा पलीकडं बाळाला पाजत होती. सुभेदारांनी मला विचारलं, “तू बी मला भ्यायचीस व्हय गं?”

मी म्हटलं, “व्हय.”

“आन् कवा बोलली न्हाईस.”

“आवं, बोलायला तुमी मधी गप कवा बसलाय?”

त्यांनी पिशवी सोडून विहीणबाईंनी दिलेली भाकरी काढली, मोडली आणि मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला. नवऱ्याच्या शेजारी अडीच तास नुसतं बसायचं, असं माझ्या आयुष्यात आधी कधी झालंच नव्हतं. मला फार बरं वाटलं. ती पहिली गाडी गेली त्याचं आता कुणाला काही वाटत नव्हतं.

दुसरी गाडी लांबून दिसली. ती चांगली वेगात होती. सुभेदारांनी सभ्य माणसासारखा हात वर केला आणि ‘अहो’ असं काहीतरी म्हणाले, ते शेजारी उभ्या असलेल्या मलाही धड ऐकू आलं नाही. गाडीचा वेग काही कमी होईना.

तेवढ्यात मागून शालनचा आवाज आला. तिनं आप्पासोच्या हातातलं गाठोडं आपल्या काखेत मारलं होतं आणि बाळाचं डोकं छातीशी दाबून त्याचा वरचा कान तळहातानं झाकला होता.

“मामंजी, आता वरडा. ह्येचं कान मी झाकल्यात. ही बी गेली तर आपुन घरी कवा पोचायचं?”

सुभेदारांनी वळून तिच्याकडं बघितलं, गाठोड्याकडं बघितलं. मग नाकानं एक सावकाश श्वास घेतला आणि आरोळी ठोकली. अठ्ठावीस वर्षांची ती सगळी नोकरी त्या एका आरोळीत होती. चिंचेवरचे कावळे उडाले, शेळी खाली बसली आणि एसटी करकचून ब्रेक लावून जागच्या जागी थांबली. ड्रायव्हर खिडकीतून वाकून, कोण साहेब आहे ते शोधायला लागला.

आम्ही सगळे मात्र बाळाकडं बघत होतो. शालननं हात काढला. मानसिंगनं आजोबांकडं बघितलं आणि मोठं तोंड उघडलं. मग त्या पोरानं दोन्ही मुठी आवळल्या आणि आजोबांसारखीच, माळ दणाणून टाकणारी एक आरोळी ठोकली, आणि आपल्याच आवाजावर खूश होऊन हसायला लागलं.

“बगा मामंजी,” शालन गाडीची पायरी चढता चढता म्हणाली, “आता ह्येला सांगलीच्या शिबिराला कवा धाडायचं?”

सुभेदार थांबले आणि सावकाश माझ्याकडं वळले. काल रात्री, सगळं निवल्यावर, चुलीपाशी भाकरी थापताना मी तिला सगळं सांगून टाकलं होतं. मिशीचं सुद्धा. त्यांचं नाक फुगलं. कान लाल झाले. मी शेळीचं दावं घट्ट धरून वाट बघत राहिले. मग ते हसले, आणि शेळीला उचलून गाडीत घेताना मला म्हणाले, “चढ लवकर.”